तेबुर्सुकचं कडू तेल आणि आमची शहाणी जीभ

गारखेड्यात माझं लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. घाणा दुकानातच, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर फिरतो. करडईचा वास कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जातो. आणि एवढं सगळं समोर असताना गेली पाच वर्षं रोज एकतरी माणूस आत येऊन विचारतो, "मॅडम, ऑलिव्ह ऑइल ठेवता का?" डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, नाहीतर पुण्यातल्या सुनेनं. पूर्वी हे तेल आमच्या शहरात दोनच ठिकाणी मिळायचं: औषधाच्या दुकानात चपट्या डबीत, बाळाच्या मालिशसाठी, आणि शहागंजच्या अत्तरवाल्याकडे 'जैतून का तेल' म्हणून, गुडघ्यांसाठी. गुडघ्यावरून ते फोडणीत कधी शिरलं ते कळलंच नाही.

आधी मला राग यायचा, मग हाव सुटली. खोटं कशाला बोलू? एक दिवस मॉलमधून एक बाटली आणली. पुढे इटलीचा झेंडा आणि टोपीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र. मागे, चष्मा लावूनही नीट दिसू नये अशा अक्षरांत, हे तेल अमुक-तमुक देशांच्या तेलांचं मिश्रण आहे असं लिहिलेलं. त्यात ट्युनिशियाचं नाव होतं. मग वाचत गेले. ट्युनिशियाचं बरंचसं तेल टँकर भरभरून बिननावाचं इटली-स्पेनला जातं, तिथे बाटलीत बसतं, झेंडा लावून जगभर फिरतं, आणि खरा पैसा त्या झेंड्याला मिळतो. आमच्या वैजापूरच्या कापसाची गाठ बाहेर जाते आणि शर्ट होऊन परत येते, तेव्हा त्या शर्टावर वैजापूर कुठे लिहिलेलं असतं? तसंच हे.

छोट्या तेल गिरण्यांच्या एका ग्रुपवर मी विचारणा टाकली. तिथे नजवा भेटली. उत्तर ट्युनिशियातल्या तेबुर्सुक नावाच्या गावात तिची आणि तिच्या वडिलांची गिरणी आहे. वर्षभर आम्ही एकमेकींना इंग्रजीत लिहीत होतो. तिचं सगळं तेल दलालाच्या टँकरमध्ये जायचं. तिची इच्छा एकच होती: जगात कुठेतरी एका फळीवर आपल्या गिरणीचं नाव असलेली बाटली उभी राहावी. माझी इच्छा त्याला लागूनच होती: जिच्या मागे कोण आहे ते मला गिऱ्हाइकाला सांगता येईल अशी बाटली विकावी. सुरुवातीला एक पॅलेट, म्हणजे लाकडी फळकुटावर रचलेल्या सहाशे बाटल्या. तेवढ्याची तयारी मी केली होती. आयातीचा परवाना काढला होता, अन्नपदार्थांचं लायसन्स वाढवून घेतलं होतं. राहिलं होतं फक्त तेल चाखून हो म्हणायचं.

चाखायला वसंतमामांना न्यायचं ठरलं. माझे सख्खे मामा, वय अडुसष्ट. वैजापूरला एका तेलाच्या पेढीवर चाळीस वर्षं त्यांनी तेल पारखलं. तळहातावर थेंब घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, हुंगायचा, मग जिभेच्या टोकाला लावायचा. त्यांनी मान हलवली की सौदा होणार, नाही हलवली की पोतीच्या पोती परत. माझ्या दुकानातला पहिला घाणा त्यांनीच पास केला होता. त्यांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले: चांगलं तेल जिभेवर आलं तरी कळत नाय.

तुम्ही नुसते फिरायला ट्युनिशियाला जात असाल तर जरूर जा. स्वस्त आहे, माणसं भली आहेत, आणि आपल्याकडच्यांची गर्दी नाही. काही विकत घ्यायला जात असाल तर हे शेवटपर्यंत वाचा. प्रवास मागच्या हिवाळ्यातला आहे. लिहायला वर्ष गेलं, कारण लिहिण्यासारखं मी काही केलेलं नव्हतं.

व्हिसाची कागदपत्रं दिल्लीला पाठवली, तीन आठवडे लागले. मुंबईहून तिकीट, मध्ये एकदा विमान बदलून, जाऊन-येऊन माणशी सत्तर हजारांच्या आसपास. समृद्धी महामार्गानं भाड्याची गाडी केली आणि वैजापूरच्या फाट्यावर मामांना घेतलं. एक शबनम पिशवी, स्वेटर, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि स्टीलच्या डबीत करडईचं तेल. "मापाला," म्हणाले. ती डबी विमानतळावर काढून ठेवावी लागली. मामांना ते फार लागलं. त्यांच्या मते तोलायला निघालेल्या माणसाकडून वजनच काढून घेतलं होतं.

ट्युनिसला पहिला दिवस पाय मोकळे करण्यात गेला. मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत साधं स्वच्छ हॉटेल, खोलीला नव्वद दिनार. एक दिनार म्हणजे आपले साधारण तीस रुपये. सकाळी लब्लाबी खाल्ली. शिळ्या पावाच्या तुकड्यांवर हरभऱ्याचा गरम रस्सा, वरून जिरं, लाल मिरचीची चटणी आणि हात आखडता न घेता ओतलेलं तेल. मोठा वाडगा चार दिनार. मामांनी दोन वाडगे खाल्ले. शाकाहारी मंडळींनी 'टूना नको' एवढं तिथल्या भाषेत सांगायला शिकावं, कारण हे लोक सॅलडवर, पावावर, समोशासारख्या ब्रिकमध्ये, सगळीकडे तो मासा घालतात. जुन्या बाजारात मामांनी आपली दखनी हिंदी काढली. कुणाला ती कळेना. पण दुकान, साबुन, किताब आणि जैतून हे चार शब्द दोन्हीकडे एकच निघाले, तेव्हा मामा असे फुलले की साबणवाल्याच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. चार शब्दांच्या बळावर हा देश आपल्याला समजला, असं आम्हां दोघांनाही त्या संध्याकाळी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाब सादूनच्या तळावरून लुआज पकडली. लुआज म्हणजे आपली काळी-पिवळी. आठ सीट भरल्याशिवाय हलत नाही, वेळापत्रक नाही, भांडण नाही. तेबुर्सुकला माणशी आठ-नऊ दिनार, दोन तासांचा रस्ता. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना टेकड्या आणि टेकड्यांवर ऑलिव्हची झाडं. वाटेत तेस्तूर नावाचं गाव लागतं, तिथल्या मशिदीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ उलटं आहे, आकडे उजवीकडून डावीकडे. लुआजवाल्यानं खास गाडी हळू करून दाखवलं. मामा म्हणाले की आपल्या नळाला पाणी यायची वेळ या घड्याळावरच लावलेली दिसते.

नजवा तळावर छोटा पिकअप घेऊन उभी होती. पस्तिशीची, उंच, पायात गमबूट, नखं काळी पडलेली. मामांना तिनं छातीवर हात ठेवून सलाम केला आणि थेट झाडांकडेच नेलं, कारण तोडणी चालू होती आणि बोलायला नंतरही वेळ होता. झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या. शिड्यांवर चढलेल्या बाया बोटांत प्लॅस्टिकचे पंजे घालून, केसांतून फणी फिरवावी तशी फांदी विंचरत होत्या. पूर्वी बोकडाची शिंगं घालायच्या म्हणे. मामांनी मजुरीची चौकशी केली, बाईला किती, गड्याला किती. बाईला कमी होती. "मंग बरोबर. इथं बी तसंच," म्हणाले, आणि पंजा मागून घेऊन स्वतः दोन फांद्या विंचरल्या. बाया खूप हसल्या.

फळं हिरवी होती. मी विचारलं, पिकू का दिली नाहीत? नजवा म्हणाली की पिकू दिली तर त्याच झाडातून तेल जास्त निघतं, पण ते मवाळ होतं. हिरवं तोडलं तर तेल कमी, पण त्यात झाडाचा सगळा जोर असतो. हिरव्याला दलाल चार पैसेच जास्त देतो, तेवढ्यानं घट भरून निघत नाही. मग तोट्यात का जाता, हे मी विचारलंच नाही. लाकडी घाण्यावरही तेल कमीच निघतं, तरी मी स्वतः तेच करते.

भावाचा विषय तिनंच काढला. आदल्या दोन वर्षांत स्पेनमध्ये दुष्काळ होता, जगात तेल कमी होतं, भाव आभाळाला भिडला. यंदा स्पेनमध्ये पाऊस झाला. हंगाम सुरू झाल्यापासून भाव दर आठवड्याला खाली येतोय आणि दलालाला ते तिच्या आधी कळतं. मामांना मी हे मराठीत सांगितलं. त्यांना समजावावं लागलं नाही. बाहेरच्या पामतेलावरची ड्युटी उतरली की वैजापुरात करडईच्या पोत्याकडे कुणी बघत नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं.

"आमच्या झाडांना पाणी मिळावं म्हणून वडील दुआ मागतात," नजवा म्हणाली. "स्पेनच्या झाडांसाठी काय मागावं, ते त्यांना कळत नाही."

तिच्याच घरी राहिलो. रात्रीच्या कुसकुसमध्ये गाजर, भोपळा, हरभरे. मामांसाठी मटण वेगळं काढलेलं. सकाळी गिरणीत गेलो. धुतलेली फळं वरून पडत होती, खालून लगदा, आणि शेवटी नळीतून हिरवंगार, दाट तेल. कापलेल्या गवतासारखा वास. नजवाच्या वडिलांनी चुलीतली गरम भाकरी, तबूना म्हणतात तिला, तोडून ठेवली. मोजकं बोलणारा म्हातारा होता. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन छोट्या पेल्यांत तेल ओतलं आणि समोर बसले. गिरणीतले चार गडीही काम थांबवून दारात आले.

मामांनी तळहातावर थेंब घेतला, चोळला, हुंगला. चेहऱ्यावर काहीच नाही. मग जिभेला लावलं, आणि मला दाखवून एक घोट घेतला. त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. पाणी पिऊन ते मराठीत मला म्हणाले, "शुभे, हे कडू हाय. घसा जळतोय. खवट नाय, पन कडू हाय. आपल्याकडं बाई फोडनी देईल आन् बाटली परत आनून देईल."

मीही घोट घेतला. खरंच कडू होतं, कारल्याच्या सालीसारखं, आणि मग घशात मिरी चावल्यासारखी आग.

आता माझं पाप सांगते. मी वाचलं होतं. येण्याआधी वर्षभर मी याच विषयावर वाचत होते, आणि ताज्या, चांगल्या ऑलिव्ह तेलाची खूणच कडवटपणा आणि घशाची जळजळ असते, हे मी एकदा नाही, दहादा वाचलं होतं. माझ्या फोनमध्ये ते साठवलेलं होतं. मामांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण ज्या माणसानं मला तेल शिकवलं त्याला चार परक्या माणसांसमोर 'मामा, तुम्हाला यातलं कळत नाही' असं कसं म्हणायचं? हे झालं एक कारण. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. मला स्वतःलाच ते तेल आवडलं नव्हतं. वाचलेलं एकीकडे राहिलं आणि जीभ म्हणाली ते खरं वाटलं.

मामांचा ठसका पाहून नजवाच्या वडिलांचा चेहरा खुलला होता. का खुलला ते मला तेव्हा समजलं नाही. नजवानं विचारलं, "कसं आहे?"

नाही म्हणायची आपली एक रीत आहे. मुलगी पाहायला गेलेली मंडळी कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणून उठतात, तेव्हा मुलीच्या आईला जे कळायचं ते कळतं. मी तेच केलं. छान आहे म्हणाले, मामांशी बोलून कळवते म्हणाले. नजवानं सरळ विचारलं, कधीपर्यंत? मी म्हणाले, दोन दिवसांत. ती हो म्हणाली आणि आम्हांला बाटलीभर तेल, खजुराचे मकरूद आणि पाव बांधून दिले. मकरूद म्हणजे आपली सांजोरीच, पाकात बुडवलेली.

जवळच दुग्गा नावाचं रोमन शहराचं मोठं अवशेष-स्थळ आहे, प्रवेश फी किरकोळ, टॅक्सीवाला थांबून परत आणतो. दगडी प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर बसलं की खाली सगळी ऑलिव्हची झाडं. रोमन लोकही इथून तेलच न्यायचे, असं पाटीवर लिहिलं होतं. त्यांनीही गिरणीवाल्याचं नाव लिहिलं नसणार, असं मी मामांना म्हटलं. ते म्हणाले, आपन बी कुठं लिहितोय. मला वाटलं थट्टा करतायत.

मग, गिरणी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी, सफाक्स. ट्युनिसला परतून दक्षिणेची लुआज, माणशी वीसेक दिनार, चार तास, टोलचा गुळगुळीत रस्ता. सफाक्सकडची झाडं सैनिकांसारखी ओळीत आणि तांबड्या मातीत. तिथल्या एका बड्या व्यापाऱ्याचा पत्ता मी हाताशी ठेवलाच होता. शेड एवढी मोठी की आमचं अख्खं दुकान तिच्या कोपऱ्यात हरवेल. स्टीलच्या दुमजली टाक्या. व्यापारी गृहस्थ नीटस, मृदुभाषी, उत्तम इंग्रजी. त्यांनी तीन नमुने ठेवले. मामांनी तिसरा जिभेवर ठेवला आणि मान हलवली. सोनेरी, पातळ, ना वास ना चव. "हे तेल," म्हणाले. "जिभेवर हाय का नाय, कळत बी नाय." भावही नजवापेक्षा कमी होता. मी होकार दिला, कागदावर सही केली, बयाणा भरला. बाटलीवर माझ्याच दुकानाचं नाव छापून देतो म्हणाले, मलाही ते गोड वाटलं. गिरणीवाल्याचं नाव हवं म्हणून एवढ्या लांब आलेली बाई मी.

चहा आला, पुदिन्याचा, वर चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, तरंगणारा. मामांनी सहज विचारलं, मी इंग्रजीत केलं: तुमच्याकडचं सगळ्यात भारी तेल कोणतं? गृहस्थ उठले आणि एका वेगळ्या टाकीतून पेला भरून आणला. हिरवंगार. मामांनी घोट घेतला आणि त्यांना पुन्हा ठसका लागला. व्यापारी आनंदानं म्हणाले, "बघा. एकदा खोकला आला तर चांगलं, दोनदा आला तर उत्तम."

उत्तरेचं तेल आहे, म्हणाले, तेबुर्सुककडचं. इटलीवाले याच्यासाठी भांडतात. जुन्या, मवाळ तेलात हे थोडं मिसळलं की सगळं तेल ताजं वाटायला लागतं. आपण भाजीत मीठ घालतो तसं.

हे मी मामांना मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. यावेळी सगळं सांगितलं. मामांनी पेला खाली ठेवला आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "मंग त्या म्हाताऱ्याला माझा ठसका म्हंजी वाहवा वाटली असंल."

मी बाहेर उन्हात जाऊन नजवाला फोन लावला. मनात हिशेब हा, की दोन दिवसांवर एकच दिवस झालाय, अजून वेळ गेलेली नाही, सफाक्सचा बयाणा बुडला तर बुडला. नजवानं फोन लगेच घेतला. मी तेल हवंय म्हणाले.

"तुम्ही दोन दिवस म्हणालात, म्हणून मी दोन दिवस दलालाला थांबवलं," ती म्हणाली. "काल दुपारपर्यंत थांबले. तोवर भाव आणखी उतरला होता. मग सगळं देऊन टाकलं, शुभा. टाकी रिकामी आहे."

आवाजात राग नव्हता, मला हवा होता. मी काहीतरी माफीचं पुटपुटले. ती म्हणाली, पुढच्या वर्षी या. हेही तिनं मनापासूनच म्हटलं असणार. तिच्याकडे 'पुढच्या वर्षी'चा अर्थ पुढच्या वर्षी असाच होतो.

परतीच्या प्रवासाचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. समुद्रकिनारी एक दिवस हातात होता, आम्ही हॉटेलात बसून काढला. विमानात मामा मला म्हणाले, "चाळीस वर्षं जे जिभेला कळंना त्याला म्या चांगलं म्हनलं. कितीकांचा माल परत धाडला आसंल." मी त्यांची समजूत काढायला हवी होती. पण मग मला माझ्या फोनमधलं ते साठवलेलं पानही सांगावं लागलं असतं. ते मी आजतागायत सांगितलेलं नाही. मामा ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

सफाक्सचं तेल तीन महिन्यांनी न्हावा-शेव्याला उतरलं. बंदरावर नमुना काढला, तपासला, पास झाला. हिरव्या ठिपक्याचं आणि माझ्या पत्त्याचं स्टिकर चिकटवून माल गारखेड्यात आला. तेलात खोट काहीच नव्हती, चवही काहीच नव्हती. बजाजनगरच्या कारखान्यांतले इंजिनिअर एकदा नेतात, दुसऱ्यांदा इटलीचा झेंडा शोधत मॉलला जातात. खरी गिऱ्हाइकं मिळाली ती बाळंतिणींच्या आया. मालिशला उत्तम आहे म्हणतात, वास येत नाही. म्हणजे दोन लोकांनी सातासमुद्रापलीकडे जाऊन आणलं काय, तर औषधाच्या दुकानातली चपटी डबी.

उन्हाळ्यात नजवाचा मेसेज आला. खरेदीबद्दल नव्हता. तिला जाणून घ्यायचं होतं की आमच्या तेलात काय कमी होतं, म्हणजे सुधारता येईल. मी दुकानात होते, समोर गिऱ्हाईक होतं. तुमच्या तेलात काही कमी नव्हतं, आम्हांलाच अक्कल नव्हती, हे लिहायला तीन ओळी लागल्या असत्या. मी एकच लिहिली: आमच्या लोकांना कडू चालत नाही, सौम्य लागतं. रात्री सविस्तर लिहीन म्हटलं. त्या रात्री कंटाळा केला, नंतर राहूनच गेलं.

या जानेवारीत कुरिअरनं एक खोका आला. दोन बाटल्या. सुंदर लेबल होतं, अरबीत आणि फ्रेंचमध्ये गिरणीचं नाव, आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत: सौम्य, खास भारतासाठी. सोबत नजवाचं पत्र. यंदा तुमच्या सल्ल्यानं फळं पूर्ण पिकू दिली, महिनाभर उशिरा तोडली, तेल पुष्कळ निघालं. दलालानं मात्र नाक मुरडलं, यात जोर नाही म्हणाला आणि भाव पाडून मागितला. पण आम्ही तुमच्या पॅलेटसाठी वेगळं काढून ठेवलंय. आता आवडतं का ते कळवा.

मामांना वैजापूरहून बोलावून घेतलं. तळहातावर थेंब घेतला, चोळला, हुंगला, जिभेला लावला. ठसका आला नाही. आणखी एक घोट घेतला, तरी नाही. मला म्हणाले, "नमुन्यापुरतंच केलं ना गं तिनं असं? थोडंच?"

मी पत्र पुन्हा वाचलं. तिनं सगळ्याच झाडांची फळं उशिरा तोडली होती.

"मंग मागव," मामा म्हणाले. "आता नाय म्हनायला आपल्याला तोंड नाय."

त्याच दुपारी मी सहाशे बाटल्यांची ऑर्डर पाठवली. तेल छान आहे असंही लिहिलं. आता खरं लिहून तिच्या टाकीतलं काही बदलणार नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. गारखेड्याच्या एका फळीवर नजवाच्या गिरणीचं नाव उभं राहणार. तिला जे हवं होतं ते मिळालं, मला जे हवं होतं ते मिळालं. एवढा प्रवास करून माझ्याकडे राहिलं ते हेच.

उत्तर दहा मिनिटांत आलं. वडिलांना सांगितलं, ते फार खूश झाले, तिनं लिहिलं होतं. म्हणतात, पुढच्या वर्षी आणखी उशिरा तोडू.